मला बोलावलं नाही ना, बाई?

शनिवार, १९ नोव्हेंबर २०२२. हवा कोरडी, सकाळी गारवा. दूध उशिरा आलं. मोरीतल्या नळाचा वॉशर बदलून घेतला. पॉलिशवाले पावणेअकराला आले, सागवानी कपाट करायला घेतलं, पाचला गेले. आज त्यांच्या ठकीच्या मुलीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. मी गेले नाही. पॉलिशवाले सकाळी तिकडेच निघाले होते, पण तेही आत गेले नाहीत. सहाला ठकीशी फोन. चूक:

या शेवटच्या शब्दापुढे काही लिहायचं सुचेना, म्हणून वही तशीच उघडी ठेवून हे वेगळ्या कागदावर लिहायला बसले आहे.

चुकीची ओळ ही आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची शिकवण. बोर्डिंगमध्ये रोज झोपण्याआधी आम्ही मुली रोजनिशी लिहायचो: हवा, काम, आले-गेले, आणि शेवटी दिवसभरातली स्वतःची एक चूक. सिस्टर म्हणायच्या, चूक सापडली नाही तर नीट शोधली नाही असं समजा. मी साठ वर्षं शोधते आहे. दूध उतू गेलं, मोलकरणीवर उगाच ओरडले, पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. अशा चुकांनी माझं एक अख्खं कपाट भरलं आहे. आज पॉलिशवाल्यांनी करायला घेतलं ते हेच कपाट.

ते माझ्याकडे पहिल्यांदा आले ७ नोव्हेंबर १९९० ला. बुधवार होता. कपाट नवं होतं, सुतारानं कोरंच आणून टाकलं होतं. आमचे हे म्हणाले, "पॉलिशला चांगला माणूस बघा, नाहीतर लाकूड फुकट जाईल." सुतारानं ज्यांना पाठवलं ते तिशीतले, किडकिडीत, आणि त्यांच्या बोटांचा रंग कपाटापेक्षा गडद. नखांच्या कडा तर कायमच्या तपकिरी. बाटलीतली स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख त्यांनी कापसाच्या पोटलीवर ओतली, पोटली मुठीत दाबली आणि दारावरून एका दमात वरून खाली नेली. मी चहा घेऊन गेले तर मान न वळवता म्हणाले, "ठेवा तिथं, बाई. दार संपेपर्यंत थांबता येत नाही. मध्येच हात थांबला की तिथं डाग बसतो."

दार संपलं तेव्हा चहा गार झाला होता. तो तसाच प्यायले आणि म्हणाले, "तुम्ही मघाशी फोनवर इंग्रजीत बोलत होता. माझ्या पोरीला असं बोलता येईल का?"

पोरगी तीन वर्षांची होती. ठकी हे तिचं घरातलं नाव, आणि मलाही तिला दुसऱ्या नावानं हाक मारायला कधी जमलं नाही. तिची आई वर्षापूर्वी गेली होती. घरी फक्त पॉलिशवाल्यांची म्हातारी आई. तिला हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. "नगरपालिकेची शाळा दारात आहे, ती सोडून पैसे भरून कुठं पाठवतोस?" असं ती मुलाला विचारायची, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं पुढं म्हणायची, "पोरगी इंग्रजीत रडायला लागली तर मला कसं कळणार, भूक लागलीय का पोट दुखतंय?"

पॉलिशवाले हसायचे. "माझं इंग्रजी दोन शब्दांचं. फिनिश आणि ॲडव्हान्स. त्यातला दुसरा कुणाला ऐकूच जात नाही."

मी त्यांना सांगितलं, जरूर घाला. अगदी ठासून सांगितलं. मी स्वतः त्या शिक्षणावर वाढलेली, माझ्या मनात दुसरा विचार आला नाही. मला मूल नव्हतं हेही इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

गावातल्या ज्या खाजगी शाळेचं नाव होतं तिथं प्रवेशाआधी आई-वडिलांची मुलाखत घेत. पॉलिशवाल्यांची तारांबळ उडाली. त्यांनी माझ्याकडून चार वाक्यं लिहून घेतली, आठवडाभर घोकत बसले, आणि आदल्या दिवशी दारात येऊन उभे. "बाई, तुम्हीच चला. मावशी म्हणून. मी तोंड उघडलं की पोरीचा नंबर गेलाच."

मी गेले. ते गेटासमोरच्या फुटपाथवर थांबले. आत मुख्याध्यापिकेनं माझी शाळा कोणती विचारली, आणि ती नेमकी तिचीच शाळा निघाली, माझ्यामागं नऊ वर्षांनी. आम्ही दोघी तिथल्या जेवणघराच्या घंटेबद्दल बोलत बसलो. ठकीला एका चित्रातलं बदक ओळखायला सांगितलं, तिनं ओळखलं, आणि प्रवेश झाला. फॉर्मवर पालक या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, माझा पत्ता, माझा फोन नंबर. त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून ते तेव्हा शहाणपणाचंच वाटलं. बाहेर येऊन मी मान हलवली तर फुटपाथवर त्यांनी ठकीला खांद्यावर घेतलं आणि लगेच खाली उतरवलं. तिच्या पांढऱ्या फ्रॉकला हाताचा रंग लागेल म्हणून.

फी भरायला त्यांनी काय केलं ते मी पाहिलं आहे. पोटलीनं एक कपाट करायला पाच-सहा दिवस लागत. त्यात जेवढं मिळे तेवढ्यात घर चाले, शाळा चालत नसे. दुसऱ्या वर्षी त्यांनी हातकाम सोडलं आणि फर्निचरच्या कारखान्यात स्प्रे मारायला लागले. दिवसाला वीस टेबलं. गन हातात धरायची आणि फवारायचं. मी म्हटलं, "तुमचा हात एवढा चांगला, वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पण त्या गनला डाग बसत नाही, बाई. बिनडोक काम. डोकं मोकळं राहतं, त्यात ठकीचे पाढे म्हणतो."

कारखान्यात तोंडाला बांधायला फडकं देत. त्या फडक्यातून काय काय आत गेलं ते आता त्यांच्या खोकल्यावरून कळतं. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबतात आणि भिंतीवरचं काहीतरी वाचल्यासारखं करतात. भिंतीवर काहीही लिहिलेलं नाही.

वर्षाला दोन पालकसभा, बारा वर्षं. शाळेत पालक म्हणून माझंच नाव होतं, तेव्हा चिठ्ठी माझ्याकडे येई आणि जात मीच असे. संध्याकाळी पॉलिशवाले येऊन दाराशी उभे राहत. मी वहीत टिपलेलं वाचून दाखवी: गणित बरं, अक्षर सुधारायला हवं, वाचन उत्तम. ते एकेक शब्द ऐकून घेत. शेवटी, जिना उतरायच्या आधी, न चुकता विचारत, "मला बोलावलं नाही ना, बाई?"

मी म्हणे, "नाही हो, कशाला बोलावतील?"

ते मान डोलवून जात. मला वाटे, सुटलो म्हणून मान डोलवतात.

आता २४ जुलै १९९९ ची नोंद. शनिवार, हवा ढगाळ, ठकी सातवीत. तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले होते आणि माझ्या घरात बोलणं म्हणजे दूधवाला, भाजीवाली आणि रेडिओ. पालकसभा आली की मी दोन दिवस आधी साडी इस्त्री करून ठेवी. तिथं कुणीतरी मला खुर्ची देई, चहा देई, मी शाळेत शिकले त्या भाषेत माझ्याशी बोले. हे मी तेव्हा लिहिलेलं नाही, आज लिहिते आहे. तेव्हा लिहिलं ते असं: "वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण वडिलांविषयी विचारलं की गप्प होते. पुढच्या वेळी वडिलांना नक्की पाठवा. भाषेची अडचण नको, मी त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलेन. मला त्यांना भेटायचं आहे." खाली: "पॉलिशवाले संध्याकाळी आले. त्यांना प्रगती सांगितली." त्याच्या खाली: "चूक: सभेहून येताना छत्री शाळेत विसरले."

त्या संध्याकाळी ते जिना उतरताना थांबले, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मी नेहमीचं उत्तर दिलं.

त्यानंतरच्या सभेलाही मीच गेले. शिक्षिकेनं विचारलं, "वडील आले नाहीत?" मी म्हटलं, "त्यांना सुट्टी मिळत नाही." तिसऱ्या सभेला तिनं विचारलंच नाही.

ठकी शिकली. विम्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, स्वतःचं घर आहे, नवरा समंजस आहे. वडिलांना तिनं कारखाना सोडायला लावला, औषधांचं तीच बघते. पैसे वाया गेले का असं कुणी पॉलिशवाल्यांना विचारलं तर ते चिडतात. "वाया? एका पिढीत पोरगी कुठल्या कुठं गेली. पै न् पै वसूल झाली!" हे खरं आहे आणि मी ते खोडत नाही. पण रविवारी मी तिच्या घरी गेले की पाहते, ठकी, तिचा नवरा आणि सात वर्षांची मुलगी आपापसात भराभर इंग्रजीत बोलत असतात, आणि पॉलिशवाले खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत बसलेले असतात. फिनिश तपासत. मध्येच ठकीच्या लक्षात आलं की ती एकदम थांबून मोठ्यानं विचारते, "बाबा, चहा घेणार ना?" ते घेतात.

या महिन्याच्या सुरुवातीला ठकीचा फोन आला. तिच्या मुलीच्या शाळेत आजी-आजोबांनी वर्गात येऊन आपल्या कामाविषयी दहा मिनिटं बोलायचं आहे.

"मावशी, तुम्ही याल ना? तुमच्या रोजनिशीविषयी बोला. मुलांना आवडेल."

"आणि तुझे बाबा?"

"बाबा काय बोलणार तिथं?"

"बोलायला कशाला हवं? पोटली घेऊन जाऊ देत, एक फळी घेऊ देत. दहा मिनिटांत लाकूड चमकायला लागलं की पोरं श्वास रोखून बघतील."

ती म्हणाली, "मावशी, त्यांना नाही आवडत शाळेत यायला. बारा वर्षांत एकदा तरी आले का? मी वाट बघायचे. सभेच्या दिवशी खिडकीतून गेटाकडे बघत बसायचे. दर वेळी तुम्हीच यायचात. नंतर नंतर मी सोडून दिलं."

मी फोन धरून उभी राहिले. सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "विचारून तर बघ."

तिनं विचारलं. ते हो म्हणाले, तेव्हा मी येणार नाही असं तिला कळवलं.

आज पावणेअकराला बेल वाजली आणि दारात पॉलिशवाले. अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून पॉलिशच्या बाटलीचं बूच आणि एका फळीचं टोक बाहेर आलेलं. कार्यक्रम दहाचा होता.

"अहो, तुम्ही शाळेत नाही गेलात?"

"गेलो होतो." ते धापा टाकत खुर्चीत बसले. "समोरच्या फुटपाथपर्यंत. आजोबालोक गाड्यांतून उतरत होते. मी म्हटलं जरा गर्दी ओसरू दे. मग गर्दी ओसरली, तर म्हटलं आता एकटं कसं जायचं. पाय उचललाच नाही, बाई. त्या फुटपाथाची सवय."

"ही ती शाळा नव्हे!"

"फुटपाथ सगळे सारखेच." ते हसले, त्यात खोकला आला. "ठकीला फोन केला, काम निघालं म्हणून सांगितलं. तेव्हा आता काम काढा काहीतरी. खोटं नको व्हायला. तुमचं ते कपाट मळलंय, किती वर्षं बघतोय मी."

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर कामाला बसले. काचकागदानं जुनं पॉलिश उतरवण्यात दुपार झाली. मी वह्यांचे गठ्ठे काढून पलंगावर रचत होते. त्यांचा शर्ट खुंटीवर डोळ्यांसमोर होता. कापड जुनं, कॉलरची घडी पिवळसर, पण झिजलेला कुठंच नाही.

"शर्ट नवा का जुना?" मी सहज विचारलं.

"ठकी पहिलीत होती तेव्हा शिवला. पालकसभेसाठी." ते फळीवर पोटली दाबून बघत होते. "बोलावलं तर घालायला काही असावं ना. शर्टाचं ठीक होतं, हातांची पंचाईत. हा रंग दोन-तीन दिवस काम बंद ठेवल्याशिवाय उतरत नाही. म्हणून सभेच्या आधी दोन दिवस मी कामावर जायचो नाही. घरी बसून लिंबानं हात घासायचो. आई म्हणायची, लग्नाला उभा राहतोस की काय."

"प्रत्येक सभेच्या आधी?"

"मग! तुम्ही ऐन वेळी सांगितलं असतं, पॉलिशवाले, चला, तर काळे हात घेऊन जायचं?"

ते दार करायला लागले. मी पलंगावरच्या वह्यांतून पालकसभांच्या तारखा काढून बघितल्या. मी सगळं लिहिते, त्यामुळे सापडायला वेळ लागला नाही. "पॉलिशवाले आले, हात स्वच्छ." "आज पॉलिशवाल्यांचे हात अगदी गोरे दिसले, कारखान्याला सुट्टी असावी." "हात स्वच्छ." चोवीसपैकी अकरा नोंदींत ते आहे. मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात, आणि त्याचा अर्थ काय असावा असं एकदाही मनात आलं नाही.

मी १९९९ ची वही घेऊन त्यांच्यामागं उभी राहिले. ते डावं दार करत होते, पाठमोरे. मी म्हटलं, "तुम्हाला बोलावलं होतं."

"कुणी?"

"शाळेनं. ठकी सातवीत असताना. मी तुम्हाला सांगितलं नाही."

हात खाली येत राहिला. मी वाचायला लागले. "वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण वडिलांविषयी विचारलं की गप्प होते. पुढच्या वेळी वडिलांना नक्की पाठवा. भाषेची अडचण नको..."

पोटली थांबली. दाराच्या मध्यापासून वीतभर खाली, तिथल्या तिथं. ते तसेच उभे होते आणि पोटली लाकडाला चिकटत चालली होती. मला ते दिसत होतं, त्यांना दिसत असलंच पाहिजे.

"पुढं वाचा," ते म्हणाले.

"मी त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलेन. मला त्यांना भेटायचं आहे."

"परत एकदा वाचा. भेटायचं आहे ते."

मी वाचलं. त्यांनी पोटली ओढून काढली, तेव्हा चर्र असा आवाज झाला. मग बराच वेळ ते फडक्याला हात पुसत राहिले. मी म्हटलं, "मला तिथं जायला आवडत होतं. दुसरं काही कारण नव्हतं."

"ते दिसायचं मला," ते म्हणाले. "मीटिंगहून आलात की तुम्ही दोन दिवस बऱ्या असायचा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उजव्या दाराचा पहिला हात पूर्ण केला, पोटली डब्यात बंद केली, चहा घेतला. शर्ट घालताना म्हणाले, "ठकीला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, न येण्याला आता निमित्तं शोधतायत."

ते गेल्यावर मी सहाला ठकीला फोन केला. मी बोलायच्या आधीच ती सुरू झाली. "बघितलंत ना, मावशी? पंचवीस मिनिटं गेटात उभी होते मी. पोरगी विचारतेय, आबा कुठायत? सगळ्यांचे आजोबा, आणि हिच्याबरोबर मी. त्यांना यायचंच नसतं!"

मी तिला सगळं सांगितलं. नोंद वाचली, नंतरच्या दोन्ही सभा सांगितल्या, लिंबाचं सांगितलं, शर्टाचं सांगितलं. फुटपाथचं शेवटी. पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"ते आज समोर उभे होते?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि मी गेटात." मग, "मावशी, हे तुम्ही मला आज का सांगताय? मी आता पस्तीस वर्षांची आहे."

तिनं फोन ठेवला. रागानं आपटला नाही, नुसता ठेवला. तिला वळण चांगलं आहे.

फी घेणाऱ्या शाळेत मुलाला घालावं का, असं आजूबाजूच्या तरुण आया मला अजून विचारतात, माझ्या शिक्षणाकडे बघून. इतकी वर्षं मी लगेच हो म्हणत आले. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी आधी विचारणार आहे, सभेला कोण जाणार?

आता परत वहीकडे जाते. 'चूक' पुढं तारीख लिहिली, २४ जुलै १९९९, आणि पुढं "छत्री नव्हे" एवढंच. खाली जागा उरली होती, तिथं उद्यासाठी लिहून ठेवलं: कपाटाची दोन्ही दारं वाळायला उघडी ठेवली आहेत. डाव्या दारावर डाग आहे. उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही, वह्या तोवर पलंगावर.